निकालाच्या अलीकडची कुस्ती

१

जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात कोथरूडला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. तिच्या माती विभागाच्या अंतिम लढतीत सोलापूर जिल्ह्यातलेच दोन मल्ल समोरासमोर आले होते. एक मोहोळचा सिकंदर शेख, दुसरा मंगळवेढा तालुक्यातल्या शिरसीचा महेंद्र गायकवाड. महेंद्रने बाहेरची टांग लावली, पंचांनी चार गुण दिले आणि तिथून जो वाद पेटला तो बरेच दिवस विझला नाही. सिकंदरची पाठ मातीकडे किती वळली, खांदा कुठे होता, गुण चार की दोन, यावर चहाच्या टपरीपासून तालमीच्या कट्ट्यापर्यंत खल झाला. मोबाइलवर ते काही सेकंद लोकांनी पुढे-मागे करून, मध्येच थांबवून, दोन बोटांनी मोठे करून पाहिले. एखाद्या कवितेच्या चार ओळींवर आपण समीक्षक मंडळी जितके बारकाईने बोलतो, त्यापेक्षा अधिक बारकाईने आमच्या जिल्ह्यातली माणसे त्या एका टांगेवर बोलत होती.

मराठी प्रेक्षकाला कुस्ती ‘वाचता’ येते, याचा याहून चांगला पुरावा नको. ढाक, कलाजंग, घिस्सा, एकेरी पट, मोळी, नागपट्टी ही त्याच्या शब्दसंग्रहाची संपत्ती आहे. खडाखडी किती लांबली, कब्जा कोणी घेतला, कोण अंग चोरून खेळला, हे तो हलगी वाजत असतानाच सांगतो. पण या सगळ्या वाचनशक्तीचा रोख एकाच प्रश्नाकडे असतो: निकाल काय, आणि तो बरोबर का? त्या चार गुणांचा वाद शमला आणि ती चित्रफीतही लोकांच्या बोटांखालून गेली. लढतीतल्या उरलेल्या मिनिटांविषयी फारसे कोणी बोलले नाही.

म्हणून येथे एक उलटा प्रयोग करून पाहायचा आहे. ज्या कुस्तीचा निकाल आधीच ठरलेला असतो, तिची समीक्षा होऊ शकते का? आणि होत असेल, तर निकालाकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्या पाहण्यात काय निसटते, हे तिच्यातून कळते का? या प्रयोगासाठी निवडल्या आहेत १९८० आणि १९९० च्या दशकांतल्या जपानी महिला व्यावसायिक कुस्तीच्या जुन्या चित्रफिती. त्यांच्या शेजारी ठेवायची आहे आपल्याकडची एक स्त्री मल्ल, हमीदा बानू. ती मुंबई, पुणे, कोल्हापुरात गाजली. मात्र तिची एकही कुस्ती आज आपल्याला पाहता येत नाही.

२

आधी ‘नुरा’ या शब्दाचा निकाल लावू. आतून ठरवून केलेल्या लढतीला आपण नुरा कुस्ती म्हणतो आणि हा शब्द आता आखाड्यापेक्षा राजकारणाच्या बातम्यांतच जास्त दिसतो. जपानी भाषेतही यासाठी खास शब्द आहे, ‘याओचो’. चोबेई नावाचा भाजीवाला होता, तो सुमोतल्या एका बड्या माणसाशी ‘गो’ हा पटावरचा खेळ खेळताना त्याची मर्जी राखण्यासाठी मुद्दाम हरत असे, त्यावरून हा शब्द आला, असे सांगतात. दोन्ही शब्दांत तुच्छता आहे आणि दोन्ही समाजांत ती रास्तही आहे. इनाम लावून, तिकीट काढून, खरी लढत म्हणून जे दाखवले ते खरे नसेल, तर ती फसवणूकच.

पण जिथे प्रेक्षकालाच ठाऊक असते की निकाल ठरलेला आहे, तिथे हा शब्द लागू पडत नाही. वस्त्रहरणाचे आख्यान लावणाऱ्या कीर्तनकाराला कोणी विचारत नाही की, बुवा, द्रौपदीची लाज राखली जाणार हे आम्हाला ठाऊक आहे, मग गाता कशाला? वगातला राजा शेवटी फजीत होणार, हे पहिल्या बतावणीपासून ठाऊक असते. ठाऊक असलेल्या शेवटाकडे कोण कसा जातो, त्यात रस असतो. रोलाँ बार्थ या फ्रेंच समीक्षकाने १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’ या पुस्तकातला पहिलाच लेख अशा कुस्तीवर लिहिला, तो याच कारणाने. प्रेक्षकाला तिथे कोण जिंकतो याची फिकीर नसते. त्याला दुःख, पराभव आणि न्याय डोळ्यांना दिसायला हवे असतात, असा त्याचा मुद्दा होता. आपल्याकडे दारा सिंग आणि किंग काँग यांच्या ‘फ्रीस्टाइल’ पाहायला वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये लोटणारी गर्दी हे समजून होती. तालमीतला वस्ताद मात्र त्या प्रकाराला कुस्ती म्हणायला तयार नव्हता. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. अडचण एवढीच झाली की, त्या गर्दीने काय पाहिले हे मराठीत नीट लिहायचे राहून गेले.

बार्थच्या लेखाला एक पुस्ती जोडावी लागते. निकाल ठरलेला असला तरी देहाचे पडणे ठरवून खोटे करता येत नाही. २७ एप्रिल १९८७ रोजी हिसाको उनो नावाच्या तरुण कुस्तीगीर मुलीला जोड्यांच्या सामन्यात प्रतिस्पर्धी मुलीने उलटे धरून डोक्यावर आपटले आणि तिची मान मोडली. तीन डावांचा सामना होता आणि हा पहिलाच डाव. दोन्ही हातांनी आपले डोके धरून ती उरलेला सामना खेळली. पुढे तीच अकिरा होकुतो या नावाने गाजली. कोण जिंकणार हे तिच्या मालकांना आधी माहीत होते. मान मोडणार हे कोणालाच माहीत नव्हते. तिथे ‘खरे की खोटे’ या प्रश्नाला अर्थ उरत नाही. विचारायचे ते असे, की खोट्या म्हटल्या जाणाऱ्या चौकटीत ही मुलगी काय खरे करून दाखवत होती?

३

जपानमध्ये हा प्रकार बाहेरून आला. नोव्हेंबर १९५४ मध्ये मिल्ड्रेड बर्क ही अमेरिकन कुस्तीगीर आपल्या सहकारी स्त्रियांना घेऊन जपानच्या दौऱ्यावर गेली आणि तिथे स्त्रियांच्या व्यावसायिक कुस्तीला एकदम वजन आले. १९६८ मध्ये मात्सुनागा बंधूंनी ‘ऑल जपान विमेन्स प्रो-रेसलिंग’ ही कंपनी काढली. फुजी टीव्हीवर तिचे सामने दिसू लागले. १९७६ मध्ये जॅकी सातो आणि माकी उएदा यांची ‘ब्यूटी पेअर’ नावाची जोडी आली. त्या कुस्ती खेळत आणि रिंगणात उभ्या राहून गाणीही गात. त्यांच्या पाठोपाठ शाळकरी मुलींची झुंबड उडाली. तोवर हा प्रेक्षकवर्ग मुख्यतः पुरुषांचा होता. आता मुली मुलींना पाहायला येऊ लागल्या. या कुस्तीची समीक्षा करताना ही गोष्ट विसरून चालत नाही. १९८४ पासून चिगुसा नागायो आणि लायनेस आसुका यांच्या ‘क्रश गॅल्स’ या जोडीने ही लाट आणखी उंच नेली.

या जोडीच्या समोर उभी होती डंप मात्सुमोतो. अंगाने आडवी, चेहऱ्यावर भडक रंग, हातात साखळी किंवा काठी, आणि पाठीशी तिची टोळी. नागायो आणि मात्सुमोतो दोघी १९८० च्या एकाच तुकडीतल्या शिकाऊ मुली. एक देशाची लाडकी झाली, दुसरी देशाची नावडती. निळू फुले यांना खेड्यापाड्यांतल्या बायका खरोखरीच शिव्या घालत, अशा आठवणी आपल्याकडे सांगितल्या जातात. त्या शिव्या हीच त्यांच्या कामाची पावती होती. मात्सुमोतोला हीच पावती रोज, रस्त्यात आणि घरी, मिळत होती. २०२४ मध्ये तिच्या आयुष्यावर ‘द क्वीन ऑफ व्हिलन्स’ ही मालिका नेटफ्लिक्सवर आली आणि नव्या पिढीला ती माहीत झाली. पण मालिकेआधी मूळ सामने पाहावेत. तिचे काम तिथेच आहे.

२८ ऑगस्ट १९८५, ओसाका-जो हॉल. पैज अशी की, जी हरेल तिचे मुंडण. नागायो आणि मात्सुमोतो यांच्या या सामन्यात कुस्तीचे डाव म्हणाल तर मोजकेच आहेत. पंच उघड उघड मात्सुमोतोच्या बाजूचा. नागायोचा चेहरा रक्ताने माखतो. ती हरते. मग तिला बसवतात आणि कात्री-मशिनने तिचे केस उतरवतात. कॅमेरा वारंवार प्रेक्षकांकडे वळतो. कपाळाला पट्ट्या बांधलेल्या मुली हुंदके देत आहेत, काही किंचाळत आहेत, काहींनी डोळे झाकले आहेत.

हा भाग पाहताना मराठी वाचकाचे मन जिथे जाते, तिथे जपानी किंवा अमेरिकन समीक्षकाचे जाणार नाही. स्त्रीचे केस जबरीने उतरवणे आपल्याकडे खेळ नव्हता. केशवपन ही विधवेची सजा होती आणि ती घराच्या आत, मागल्या दाराने आलेल्या न्हाव्याकडून पार पडे. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी विधवांच्या केसांना हात न लावण्याचा निर्धार केला. सत्यशोधक चळवळीच्या इतिहासातला तो मोठा प्रसंग आहे. ओसाकाचे मुंडण त्या इतिहासाच्या शेजारी ठेवून पाहिले, की दोन गोष्टी दिसतात. पहिली म्हणजे हत्यार तेच आहे. स्त्रीला हरवले हे सिद्ध करायचे तर तिचे केस काढावेत, हा तर्क दोन्हीकडे समान आहे, आणि पुरुष मालकांनी तो तिकिटावर विकला हे नजरेआड करता येत नाही. दुसरी गोष्ट पहिलीला छेद देते. विधवेचे केस जात ते दुसऱ्याच्या मरणापायी. तिने काही पणाला लावलेले नसे, तिला कोणी विचारत नसे, तिच्यासाठी उघड्यावर कोणी रडत नसे. नागायोचे केस गेले ते तिने स्वतः लावलेल्या पैजेपायी. हजारो मुली उघडपणे, मोठमोठ्याने तिच्यासाठी रडल्या. आणि मुंडण झाल्यावर ती अंधाऱ्या खोलीत गेली नाही. त्याच रिंगणात परत आली. ७ नोव्हेंबर १९८६ रोजी त्याच ओसाकात तिने मात्सुमोतोला हरवले आणि या वेळी मात्सुमोतोचे केस गेले.

मुंडण झालेली स्त्री दुसऱ्या दिवशी तोंड वर करून लोकांत वावरते, हे दृश्य त्या शाळकरी मुलींनी पाहिले. निकाल मालकांनी ठरवला होता. हे दृश्य तिने घडवले.

४

सात वर्षांनी, १५ ऑगस्ट १९९२ रोजी कावासाकीत पुन्हा केसांची पैज लागली. या वेळी समोरासमोर होत्या मानामी तोयोता आणि तोशियो यामादा. यांच्यात खलनायिका कोणीच नव्हती. दोघी एकमेकींच्या जोडीदार, एकत्र खेळलेल्या. तोयोता हवेत झेपावणारी, न थांबणारी. यामादा लाथांच्या माऱ्याची, जमिनीवर घट्ट पाय रोवणारी. आपल्या भाषेत सांगायचे तर एक चपळाईची आणि एक ताकदीची, आणि दोघींना एकमेकींचे डाव पाठ. म्हणून या सामन्यातली खडाखडी ऐकण्यासारखी नसली तरी वाचण्यासारखी आहे: एकीने डाव टाकण्याआधीच दुसरीचे अंग त्याची तोड घेऊन तयार असते.

तोयोता जिंकते. आणि इथून सामन्याचा खरा भाग सुरू होतो. जिंकलेली तोयोता रडते आहे, यामादाचे केस कापू नयेत म्हणून मध्ये पडते आहे. तिला इतर मुलींना धरून ठेवावे लागते. हरलेली यामादा मात्र खुर्चीवर बसते आणि केस कापू देते. ठरले ते ठरले. ओसाकात मुंडण ही हरलेलीची विटंबना होती. कावासाकीत तेच कृत्य हरलेलीच्या स्वाभिमानाची बाब होते आणि विटंबना झाली असेल तर ती जिंकलेलीची, कारण तिला आपल्या विजयाची किंमत मैत्रिणीच्या डोक्यावरून उतरताना पाहावी लागते. एकच विधी, एकच कंपनी, सात वर्षांचे अंतर, आणि अर्थ पार उलटा.

हे घडवायला शब्द लागले नाहीत. आपल्याकडच्या नाटकांत मैत्रीतला असा पेच उभा करायचा तर दोन-तीन प्रवेश, एखादे स्वगत लागते. इथे एक बसते आणि दुसरीला आवरावे लागते, एवढ्यावर सगळे उभे आहे. आणि त्यानंतरही दोघी जोडीदार म्हणून खेळत राहिल्या, हे कळल्यावर तो प्रसंग आणखी खोल जातो.

५

तिसरा सामना २ एप्रिल १९९३ चा, योकोहामा अरीनातला: अकिरा होकुतो विरुद्ध शिनोबु कांदोरी. तो घेतला आहे, कारण ‘खरे की खोटे’ हाच त्याचा विषय आहे.

कांदोरी ज्यूदोतून आली होती. १९८४ च्या जागतिक ज्यूदो स्पर्धेत तिने कांस्यपदक मिळवले होते. म्हणजे पंचांसमोर, ठरलेला निकाल नसलेल्या लढतीत तिने स्वतःला सिद्ध केले होते. १९८७ मध्ये, दुसऱ्या एका कंपनीत असताना, तिने आपल्या सामन्यात ठरलेली चौकट मोडली आणि समोरच्या बाईला खरोखरीच हतबल केले. ती बाई होती ब्यूटी पेअरमधली जॅकी सातो, एका पिढीची देवता. त्या दिवसापासून कांदोरीभोवती एक भीती फिरत राहिली: हिला नाटक करायची गरज नाही, ही खरोखर हात मोडू शकते. तिच्या समोर होकुतो, मोडलेली मान दोन्ही हातांनी धरून सामना पुरा केलेली. एकीकडे खऱ्या कुस्तीचा दाखला, दुसरीकडे ‘खोट्या’ कुस्तीसाठी खरी मोडलेली मान.

सामन्यात खडाखडी नाहीच. सुरुवात ठोशाने होते. लगेच कांदोरी होकुतोचा हात धरून सांधा उलटा पिळते आणि होकुतो खांदा धरून कोसळते. पुढे अर्धा तास एकच प्रश्न निरनिराळ्या रीतीने विचारला जातो: तुझ्याकडे विद्या आहे, माझ्याकडे सोसण्याची ताकद आहे, यात मोठे काय? होकुतोचा चेहरा रक्ताने भरतो. शेवटी दोघींत इतकेही त्राण उरत नाही की कोणी डाव टाकावा. दोघी एकमेकींना ठोसे मारतात, दोघी पडतात, आणि होकुतो कांदोरीच्या अंगावर पडते म्हणून तीन आकडे मोजले जातात. हा विजय डावाने मिळत नाही, पडण्याच्या दिशेने मिळतो. आपल्या वस्तादाने याला निकाल म्हणून मान्यता दिली नसती. पण या शेवटाइतका प्रामाणिक शेवट सुचणे अवघड आहे. कांदोरीची विद्या खोटी पडत नाही, होकुतोची जिद्दही वरचढ ठरत नाही. दोन थकलेले देह एकमेकांवर पडतात.

६

या चित्रफितींची समीक्षा याआधी झालीच नाही असे नाही. १९९० च्या दशकात व्हीएचएस कॅसेटी टपालाने हातोहात फिरत आणि डेव्ह मेल्ट्झर या अमेरिकन पत्रकाराच्या ‘रेसलिंग ऑब्झर्व्हर’ या वार्तापत्राने सामन्यांना तारे द्यायची पद्धत रुजवली. तोयोताच्या कितीतरी सामन्यांना पाच तारे मिळाले. ७ मे १९९५ रोजी तोयोता आणि क्योको इनोउए यांचा साठ मिनिटे चालून बरोबरीत सुटलेला सामना या परंपरेने मानाच्या स्थानी नेला. हे काम मोलाचे होते. परदेशातल्या प्रेक्षकांना या स्त्रिया ठाऊक झाल्या त्या या वार्तापत्रांमुळे आणि कॅसेटींमुळे.

पण ताऱ्यांच्या समीक्षेचा दोष आपल्या चार गुणांच्या वादासारखाच आहे. गती किती, उड्या किती, डावांची अवघड जुळणी किती, यांची बेरीज करून ती आकडा देते. आकडा दिला की पाहणे संपते. निकालाला बाजूला सारण्यासाठी निघालेली समीक्षा स्वतःच एक निकाल होऊन बसते. या मोजपट्टीवर कावासाकीचे मोल शेवटच्या डावापर्यंतच मोजले जाते. यामादा खुर्चीवर बसते ते क्षण बेरजेत धरायला जागाच नाही. ओसाकाच्या सामन्यात डाव थोडे, म्हणून तो त्या हिशेबात उणा. प्रेक्षागृहात रडणाऱ्या मुली तर कुठल्याच रकान्यात बसत नाहीत.

दुसरा दोष उलट्या टोकाचा आहे आणि त्यापासून या लेखानेही सावध राहायला हवे. या सामन्यांच्या मोहात पडून त्यांना मुक्तीची गाथा म्हणणे सोपे आहे. तसे नव्हते. निकाल मात्सुनागा बंधू ठरवत. शाळा सुटता सुटता निवडलेल्या मुली कंपनीच्या वसतिगृहात राहत. धाकट्यांनी थोरल्यांची कामे करायची, अंग मोडेपर्यंत सराव करायचा. दारू नाही, सिगारेट नाही, पुरुष नाही, अशी तीन बंधने. आपल्या तालमीतल्या ब्रह्मचर्याची आणि खुराकाची शिस्त जाणणाऱ्याला हे ओळखीचे वाटेल, पण एक फरक आहे. तालमीतला मल्ल वस्ताद होऊन म्हातारपणी त्याच मातीत बसतो. इथे वयाची पंचविशी उलटली की निवृत्त व्हायचे, असा दंडक. मात्सुमोतो १९८८ मध्ये थांबली, नागायो आणि आसुका १९८९ मध्ये. नवी लाट आणायची तर जुन्या मुली घरी पाठवायच्या, हा त्यामागचा धंद्याचा हिशेब. १९९० च्या दशकात हा दंडक सैल झाला आणि होकुतो, तोयोता यांचे सर्वांत जाणते काम त्या मोकळिकीत झाले, हा योगायोग म्हणता येणार नाही. आणि २००५ मध्ये ती कंपनीच बंद पडली.

तेव्हा या स्त्रियांना आपल्या कथेच्या लेखिका म्हणावे की दुसऱ्याच्या संहितेतल्या नटी? ओसाका आणि कावासाकी यांच्यातल्या फरकानेच याचे उत्तर दिले आहे. संहिता तीच होती, अर्थ मात्र त्यांनी बदलला. आपल्याकडे संगीत नाटकातला गायक नट नाटककाराचेच पद गाई. पण ते पद त्याचे कसे होई, हे जुन्या मराठी रसिकाला समजावून सांगावे लागत नाही.

७

आता हमीदा बानू. ती उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरची, पण अलीगढला सलाम पहलवानांच्या हाताखाली तयार झाली. ‘अलीगढची ॲमेझॉन’ हे तिला वर्तमानपत्रांनी दिलेले नाव. फेब्रुवारी १९५४ मध्ये तिने जाहीर केले की, जो मला कुस्तीत हरवेल त्याच्याशी मी लग्न करीन. मे महिन्यात वडोद्यात तिने बाबा पहलवानाला एक मिनिट चौतीस सेकंदांत हरवले. त्याच वर्षी मुंबईत तिने व्हेरा चिस्तिलिन या रशियन स्त्री मल्लाला मिनिटभराच्या आत चीत केले. म्हणजे ज्या वर्षी मिल्ड्रेड बर्कने जपानमध्ये पाऊल ठेवले, त्याच वर्षी मुंबईत स्त्रियांची आंतरराष्ट्रीय कुस्ती तिकिटावर झाली होती. बीज दोन्हीकडे एकाच हंगामात पडले.

पुढे काय झाले? महाराष्ट्रापुरते पाहू. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली तिची कुस्ती स्थानिक कुस्ती संघटनेच्या आक्षेपामुळे रद्द झाली. कोल्हापुरात तिने पुरुष मल्लाला हरवल्यावर लोकांनी हुर्यो उडवली, दगड मारले. बंदीविरुद्ध तिने मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे तक्रार केली. त्यांचे म्हणणे असे की, ती स्त्री आहे म्हणून बंदी नाही. आयोजक तिच्यासमोर बनावट मल्ल उभे करतात, अशा तक्रारी आहेत म्हणून बंदी आहे. म्हणजे तीच ‘नुरा’ची शंका. रणजय सेन यांनी ‘नेशन ॲट प्ले’ या भारतीय खेळांच्या इतिहासात नोंदवले आहे की, तिच्या कुस्तीच्या कार्यक्रमात एक लंगडा आणि एक आंधळा यांचीही लढत ठेवलेली होती. खेळ आणि तमाशा यांची सरमिसळ तिथे उघड होती.

तेव्हा तिच्या काही लढती ठरवलेल्या असतील, हे शक्य आहे. पण येथे एक विषमता दिसते. पुरुषांच्या नुरा कुस्तीने कुस्ती बदनाम झाली नाही. आयोजक बदनाम झाले. दारा सिंग फ्रीस्टाइलमधून सिनेमात गेले आणि घरोघरचे लाडके झाले. हमीदा बानूच्या बाबतीत मात्र तीच शंका तिच्या अंगाला चिकटली. जिंकली तर समोरचा बनावट. हरली असती तर बाईच ती. कोणत्याही निकालाने तिची कुस्ती खरी ठरणार नव्हती. निकाल हीच एकमेव कसोटी मानणाऱ्या प्रेक्षकासमोर तिला दाद मिळण्याची वाटच बंद होती.

आणि आपल्यापर्यंत काय आले? तिची उंची पाच फूट तीन इंच, वजन १०८ किलो. रोजचे साडेपाच लिटरहून अधिक दूध, एक कोंबडी, किलोभर मटण, सहा अंडी, बदाम, बिर्याणी. झोप नऊ तास. एक मिनिट चौतीस सेकंद. तिच्याविषयी जे लिहिले, सांगितले जाते त्यात हे आकडे पुन्हा पुन्हा येतात. ती पटात शिरत असे की ढाकेवर मारत असे, समोरच्याचा हात कसा धरत असे, खडाखडीत घाई करत असे की वाट पाहत असे, हे त्या मजकुरात सापडत नाही. तिने काय खाल्ले हे आपल्याला माहीत आहे. ती कशी खेळली हे माहीत नाही. पुढे ती कल्याणला राहिली, दुधाचा धंदा केला आणि १९८६ मध्ये वारली. ४ मे २०२४ रोजी गूगलने तिचे चित्र आपल्या मुखपृष्ठावर लावले, तेही त्या एक मिनिट चौतीस सेकंदांच्या आठवणीसाठी. म्हणजे पुन्हा निकालच.

नागायोचा सामना चाळीस वर्षांनी सोलापुरात बसून पाहता येतो, त्याच्याशी भांडता येते, केशवपनाच्या इतिहासाशी तो ताडून पाहता येतो. हमीदा बानूच्या कुस्तीशी भांडायलाही काही शिल्लक नाही. जपानमध्ये कॅमेरा होता आणि आपल्याकडे नव्हता, एवढेच हे कारण नाही. त्या काळातल्या पुरुष मल्लांच्याही चित्रफिती नाहीत, तरी त्यांचे डाव तालमीतल्या बोलण्यात जिवंत राहिले. अमक्याचा घिस्सा, तमक्याची ढाक, असे वस्ताद सांगतात आणि पोरे ऐकतात. हमीदा बानूचा डाव सांगणारी तालीम नव्हती. तालमीत मारुतीसमोर बाईने जायचे नाही, हा रिवाज होता.

८

जपानही याबाबतीत फार निराळा नव्हता. सुमोच्या मातीच्या रिंगणात, दोह्योवर, आजही स्त्रीने पाय ठेवायचा नाही. एप्रिल २०१८ मध्ये माइझुरू येथे भाषण करताना महापौर दोह्योवर कोसळले; त्यांना वाचवायला धावलेल्या स्त्रियांना खाली उतरण्याची सूचना ध्वनिक्षेपकावरून दिली गेली. जपानी स्त्रियांनी कुस्ती उभी केली ती दोह्योवर नाही, कॅनव्हासच्या चौकोनी रिंगणात, जिथे कोणताही देव आधीपासून बसलेला नव्हता. महाराष्ट्रात गादीने तेच काम केले. माती जुनी, तिचे सोवळे जुने. गादी नवी, तिला सोवळे नाही. रिओ ऑलिंपिकमध्ये २०१६ साली साक्षी मलिकने ५८ किलो गटात कांस्यपदक मिळवले; त्याच गटाचे सुवर्ण जपानच्या काओरी इचोकडे गेले, तिचे ते लागोपाठचे चौथे. मार्च २०२३ मध्ये सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून गदा उचलली. आता जत्रांच्या फडांतही मुलींच्या जोड्या लागतात, हलगी वाजते, मोबाइल वर धरले जातात.

म्हणजे कॅमेरा आला. चित्रफिती साठत आहेत. पण बातमीत काय छापून येते? अमकीने तमकीला चितपट केले, इतके इनाम मिळाले, अमुक मान्यवर उपस्थित होते. मुलगी फडात उतरताना कोणाच्या पाया पडली, पहिल्या पकडीला का कचरली, कोणता डाव हुकल्यावर तिने चाल बदलली, हरल्यावर तिने मातीतून उठून काय केले, हे लिहायला आपल्याकडे शब्द आहेत. पुरुषांच्या कुस्तीने ते घडवले आहेत, वापरून गुळगुळीत केले आहेत. चार गुणांच्या टांगेसाठी आपण ते किती बारकाईने वापरतो, हे सोलापूरने २०२३ मध्ये दाखवून दिले.

जपानी चित्रफितींतून घेण्यासारखे आहे ते इतकेच. नुरा आणि खरी यांची गल्लत करा असे त्या सांगत नाहीत. आपल्या मुलींची कुस्ती खरीच आहे, खरीच राहावी. त्या दाखवतात की हात मिळवल्यापासून पाठ टेकेपर्यंतचा जो वेळ आहे, त्यात माणूस दिसतो, आणि तो निकालाच्या नोंदीत मावत नाही. यामादाचे खुर्चीवर बसणे कोणीतरी पाहिले, जपले, म्हणून आज त्याविषयी बोलता येते. आपल्या फडांत उतरणाऱ्या मुलींपैकी प्रत्येकीचा एखादा डाव, एखादी खडाखडी, हरल्यावरची एखादी नजर अशी लिहून ठेवावी लागेल, आणि ती आताच. नाहीतर सत्तर वर्षांनी त्यांच्याविषयीही आपल्या हाती उरेल ते वजन, खुराक आणि सेकंद.